ड्रॅगनचा कोठा आधी बांध

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका मुलीनं विचारलं आहे. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्षभरापासून मोबाइलवर मराठीत कादंबरी लिहिते आहे. डोंगरावर एक सैनिकी प्रबोधिनी असते, तिथे ड्रॅगनवर स्वार होऊन लढायला शिकवतात. कापसाच्या गावातली मुक्ता तिथे दाखल होते आणि सुरुवातीला डोळ्यासमोर नको झालेल्या विश्वजितवर तिचा जीव जडतो. सात प्रकरणं झाली आणि गाडं अडलं. तिचे प्रश्न असे: ‘ताई, उडण्याचे प्रसंग खोटे वाटतात. प्रबोधिनी सिनेमातल्यासारखी झाली. प्रेमाचे प्रसंग मालिकेसारखे होतात, आणि आईनं वाचलं तर काय, या भीतीनं हात थांबतो. आणि ड्रॅगनला मराठीत म्हणायचं तरी काय?’

मी वरोऱ्यात राहते. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं, दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. तुझी सातही प्रकरणं दोनदा वाचली. पहिल्याच वाचनात एक गोष्ट खटकली. सात प्रकरणांत तुझा ड्रॅगन एकदाही जेवलेला नाही. तो शेण टाकत नाही, त्याला गोचीड लागत नाही, त्याच्या पायात काटा मोडत नाही. मुक्ता हाक मारते, तो ढगांतून येतो. काम झालं की ढगांत जातो. तुझ्या घरी दोन बैल, एक गाय आणि शेळ्या आहेत असं तूच लिहिलंस. मग जनावर असं येत-जात नसतं हे तुला मी काय सांगू? पहाटे कुणीतरी उठून शेण काढतं, कुटार टाकतं, ढेप भिजवतं, तेव्हा कुठे ते सकाळी जुवाडीखाली मान देतं. तुझ्या उड्डाणात तशी मोठी चूक नाही. उडण्याआधीचं सगळं तू गाळलं आहेस, म्हणून ते हवेत लटकतं.

तेव्हा आधी कोठा बांध. हे ड्रॅगन राहतात कुठे, खातात काय, ते आणतं कोण? पाळीव हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तुझा ड्रॅगन मांस खातो आणि प्रबोधिनीत असे चाळीस आहेत. एकेकाला रोज दोन शेळ्या धर. वर्षाच्या २९,२०० शेळ्या झाल्या. कुणाच्या? इथेच तुझी कादंबरी उभी राहते बघ. प्रबोधिनीचा माणूस दर महिन्याला गावोगाव फिरून शेळ्या मोजून नेतो. ज्या घरातली शेवटची पाठ, म्हणजे तरणी शेळी, नेली, त्या घरचा पोरगा विश्वजित. आणि ती नोंद वहीत करणारा कारकून मुक्ताचा बाप. सध्या तुझ्या लिखाणात विश्वजित मुक्ताचा राग करतो, कारण ‘तो स्वभावानंच घमेंडी होता’. त्या एका वाक्यावर तीनशे पानं उभी राहणार नाहीत. शेळीवर राहतील. वाचणाऱ्या प्रत्येक घराला शेळी म्हणजे काय ते ठाऊक आहे. अडीअडचणीला विकायचा तो रोकडा पैसा असतो.

आगीचंही तसंच. तुझा ड्रॅगन आग ओकतो आणि तू त्याला कापसाच्या मुलखात आणून ठेवलंस. हा जुगार चांगला आहे, पण तो तू खेळलेलीच नाहीस. आपल्याकडे वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, त्याआधी जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पट्टा मोकळा करतात. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला लागलेली आग तू पाहिली असशील. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. अशा मुलखात आग ओकणाऱ्या जनावराला चार महिने कुठे ठेवतात? त्याला शिंक आली तर? गावकरी प्रबोधिनीभोवती जाळरेषा काढायला वेठीला जातात का? मुक्ता लहानपणी त्या रेषेवर पालापाचोळा ओढायला गेली असेल तर तिनं पहिला ड्रॅगन तिथून, खालून, घाम पुसता पुसता पाहिलेला असेल.

आकाशात आग दिसली की माणसं काय करतात हे आपल्या भागानं पाहिलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकत गेली. मी गच्चीवर होते. कुणी विमान पेटलं म्हणालं, कुणी उल्का. शेजारच्या आजी हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांचा नातू मोबाइल आणायला खाली पळाला. नंतर कळलं की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं, रॉकेटचा अवशेष. तुझ्या पहिल्या प्रकरणात ड्रॅगन दिसल्यावर ‘सगळे भयभीत झाले’ असं आहे. सगळे एकसारखे कधीच भीत नाहीत. हात जोडलेली आजी आणि मोबाइलसाठी पळणारा नातू एकाच गच्चीवर असतात. तो दिवस आठव आणि ते पान नव्यानं लिही.

आता उडणं. आजवर माहीत असलेले सगळ्यात मोठे उडणारे प्राणी म्हणजे डायनासोरच्या काळातले टेरोसॉर. त्यांच्या पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर आणि वजनाचा अंदाज दोन-अडीचशे किलोचा. तुझा ड्रॅगन ‘चार हत्तींएवढा’ आहे. निसर्गाच्या हिशेबानं तो उडत नाही. अद्भुतात चालतं, पण मग त्याची किंमत कुठेतरी मोजलेली दिसली पाहिजे. माझा सल्ला असा की हवा वापर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. घारी सकाळी लवकर वर जात नाहीत, जमीन तापून गरम हवा उठायला लागली की पंख न हलवता गोल गोल चढत जातात. तुझे ड्रॅगनही तसेच चढू देत. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी बारानंतर ते आभाळाचे राजे, आणि पावसाळ्यात झडीत आठ-आठ दिवस कोठ्यात अडकून पडलेले, चिडलेले, एकमेकांना डिवचणारे. शत्रूला हे ठाऊक असेल तर तो झडीतच चाल करून येईल. बघ, एका घारीतून तुला युद्धाचं वेळापत्रक मिळालं. पंखासाठी मात्र घार पाहू नकोस, वटवाघूळ पाहा. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. ती कातडी फाटली तर टाके कोण घालतं, हाही एक प्रसंग आहे.

आणि हे सगळं परदेशी आहे असं वाटून संकोचू नकोस. माझ्या घरापासून फार लांब नाही, वरोरा तालुक्यातच, पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे टायटॅनोसॉर या अजस्र डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले अवशेष सापडतात. २००५ साली शास्त्रज्ञांना त्यांत गवताच्या पेशींमधले सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. काय खाल्लं हे शेणानं सांगितलं, साडेसहा कोटी वर्षांहून जास्त काळानंतर. अवाढव्य सरपटणारं जनावर या मातीत चरून गेलंय. तुझ्या मुक्ताच्या बापाला नांगरताना असा एक जड गोल दगड सापडावा आणि त्यानं तो उंबऱ्याशी ठेवावा, एवढं केलंस तरी गोष्टीला मूळ मिळतं.

स्वार होणं शिकायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पला एकदा जाऊन ये. आपल्याकडे ड्रॅगनस्वाराच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस म्हणजे माहूत. तो मानेवर बसतो आणि कानांमागे पायाच्या बोटांनी हत्तीशी बोलतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच हालचाल दिसत नाही. तुझी मुक्ता लगाम ‘जोरात खेचते’. एवढ्या जनावराला खेचून वळवता येत नाही, ते ऐकलं तर वळतं. तळेगाव दशासरच्या शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, धुरकरी (जोडी हाकणारे) पाहिलेस तर दुसरी बाजू कळेल, वेगाची. ही शर्यत २०१४ पासून बंद होती, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह वाट मोकळी केली. धुरकऱ्याचं सगळं अंग बैलांच्या लयीत झुकतं, सुटलेल्या जोडीपुढे ताकद चालत नाही.

आता मला तुझ्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल मनापासून बोलायचं आहे, कारण कादंबरीचं काळीज तिथे आहे आणि तू ते दहा ओळींत उरकलंस. ड्रॅगन मुक्ताच्या डोळ्यांत पाहतो, वीज चमकते, दोघं ‘कायमचे जोडले जातात’.

मी नऊ-दहा वर्षांची असतानाची गोष्ट. बाबा आणि मी बंडीनं शेतावरून परत येत होतो. दिवसभर पाऊस झालेला. नाल्यावर रपटा होता, त्यावरून घोटाभर पाणी चाललेलं. नेहमीचं. डावीकडचा बैल रपट्याच्या तोंडाशी थांबला. बाबांनी चुचकारलं, त्यानं पाऊल उचललं नाही. मान खाली घातली, पाण्यावर नाक नेलं, फुरफुरला आणि दोन्ही कान पुढे करून तसाच उभा राहिला. गळ्यातली घुंगरं एकदम गप्प झाली, ते गप्प होणं मला आजही ऐकू येतं. बाबांच्या हातात तुतारी, बैलांना टोचायची काठी, होती. त्यांनी ती बंडीत ठेवली, खाली उतरले आणि म्हणाले, ‘त्याले दिसते ते आपल्याले दिसत नाही.’ आम्ही बंडी सोडून लांबच्या वाटेनं बैल घेऊन घरी आलो, रात्र झाली. सकाळी पाणी उतरलं तेव्हा रपट्याचा मधला भाग वाहून गेलेला होता.

बाबांनी त्या बैलाला वर्षानुवर्षं चारलं, धुतलं, त्याच्या खांद्याला तेल लावलं, आणि एका संध्याकाळी त्यांना त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला. तुझ्या कादंबरीत फक्त ड्रॅगनच स्वार निवडतो, स्वारानं ड्रॅगनवर विश्वास ठेवण्याचा क्षणच नाही. तो आण. मुक्ताला हुकूम आहे पुढे जायचा, मागे शिक्षक ओरडतोय, आणि तिचं जनावर दरीच्या तोंडाशी थांबलंय. ती हुकूम पाळेल की जनावराचं ऐकेल? मला वाटतं, हे तुझं सहावं प्रकरण आहे.

आणि जोडलं जाण्यासाठी विजेची गरज नाही, आपल्याकडे विधी आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी करतात. वर्षभर ज्या खांद्यानं जुवाडी ओढली तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, तूप-हळद चोळायची आणि बैलाला म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ जनावराला आमंत्रण! मालक त्याला अहो-जाहो करतो त्या दिवशी. मुक्तानं शंभर दिवस एका ड्रॅगनची ताटली भरावी, तो तोंड फिरवत राहावा, आणि एका संध्याकाळी तिनं त्याच्या खांद्याला हात लावायची परवानगी मागावी. त्यानं खांदा दिला तर जोडी जमली. हे इंग्रजीत लिहिणाऱ्या कुणालाही सुचणार नाही, तुला सुचू शकतं. नवीन गोऱ्ह्याला वळण लावताना जुन्या जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात, तेही घे. कोवळा ड्रॅगन पहिल्यांदा म्हाताऱ्या ड्रॅगनच्या बाजूनं उडेल.

प्रबोधिनीबद्दल थोडक्यात, कारण इथे चुका कमी आहेत. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तीन वर्षांची, सहा सत्रांची. मुलं स्क्वाड्रनमध्ये विभागलेली असतात आणि एकाची चूक सगळ्यांना भोवते. शिक्षेच्या कसरतीला तिथे ‘रगडा’ म्हणतात, हा शब्द तुला फुकट देते. कवायतीचे हुकूम हिंदीत असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी तिथे दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या सतरा जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्यांच्या बातम्या, मुलाखती वाच. पण त्याहून जवळचं सांगते. तुझ्या गावाच्या रस्त्यावर पहाटे चार-साडेचारला पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरी आहेत ना? आठशे मीटर, शंभर मीटर, चार किलोचा गोळा. बुटाचा तळ सुटला तर दोरी बांधून धावतात, एकीला पाळी आली तर दुसरी तिची वेळ मोजते, आणि जागा मात्र एकमेकींच्या विरोधातच मिळवायच्या असतात. तुझ्या मुक्ताच्या वसतिगृहात नेमकं हे नातं नाहीये. तिथल्या मुली एकतर जिवलग आहेत नाहीतर दुष्ट. चार दिवस त्या पोरींबरोबर धाव. दम लागल्यावर माणूस कसा बोलतो तेही कळेल. तुझी पात्रं धावता धावता लांबलचक वाक्यं बोलतात.

वयाचं एक पक्कं कर. एनडीएत साडेसोळाव्या वर्षीही प्रवेश मिळतो. तुझ्या कादंबरीत प्रेम आहे, शरीराची ओढ आहे, म्हणून तुझ्या प्रबोधिनीत एकोणीस पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम पहिल्याच पानावर घाल. आणि विश्वजितला शिक्षकपदावरून काढ. ज्याच्या हातात तिला नापास करणं आहे त्याच्याशी तिचं प्रेम मोकळं राहत नाही, तिच्या ‘हो’मध्ये भीती मिसळते. त्याला तिच्याच तुकडीत आण. भांडणं जास्त रंगतील.

प्रेमाचे प्रसंग मालिकेसारखे होतात कारण तिथे जनावर नसतं, काम नसतं, फक्त दोघं आणि वारा असतो. तुझं वाक्य असं आहे: ‘त्याच्या गहिऱ्या डोळ्यांत ती हरवून गेली आणि काळ थांबला.’ मी तिथे असं काही लिहून पाहिलं, यातली काळी म्हणजे मुक्ताची ड्रॅगन:

‘पट्टा काढताना मुक्ताचा श्वास अडकला. दोन्ही खांदे सोलवटले होते. विश्वजितनं काही विचारलं नाही, तुपाची वाटी तिच्यापुढे सरकवली. “काळीसाठी आणलं होतं,” तो म्हणाला. “तिच्या खांद्याले लावून उरलं.” मुक्तानं बोट बुडवलं, पण मागे हात पोचेना. तो कोठ्याच्या दाराकडे पाहत उभा राहिला. “लावून देऊ?” काळीनं एक डोळा उघडला आणि आधी त्याच्याकडे पाहिलं. मुक्तानं वेणी पुढे घेतली.’

हे माझं आहे, तू तुझं लिही. फक्त काय केलं ते बघ. जो विधी तिनं ड्रॅगनसाठी शिकला तोच आता तिच्याकडे वळला. त्यानं विचारलं, तिनं वेणी पुढे घेऊन उत्तर दिलं. शेळीचं वैर वाटीतल्या तुपात विरघळलं नाही, ते उद्या पुन्हा निघेल. प्रेमाची गोष्ट आणि ड्रॅगनची गोष्ट वेगळ्या रुळांवर चालवू नकोस. जनावराजवळ हळू कसं जायचं, हात कधी थांबवायचा, नकार कसा ओळखायचा, हे ज्याला येतं त्याला माणसाजवळही जाता येतं. पुढे किती लिहायचं ते तू ठरव. मी एवढंच पाहते की त्या प्रसंगानंतर दोघांपैकी कुणीतरी बदललेलं असावं. बदललेलं नसेल तर पान काढून टाक, मग ते कितीही सोज्वळ असो की धीट.

नावाचं म्हणशील तर मराठीत ‘व्याल’ हा शब्द आहे. देवळांच्या भिंतींवर हे कल्पित श्वापद कोरलेलं असतं. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आहे, चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह आहे. अशी जनावरं आपल्या दगडांत पूर्वीपासून आहेत. पण ‘व्याल’ शब्द कागदावरचा वाटतो, म्हणून तो प्रबोधिनीला देऊन टाक. तिथल्या नोंदवह्यांत व्याल, शिक्षकांच्या तोंडी व्याल. गावाला दुसरा शब्द दे. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. तसं मुक्ताच्या गावात ‘उडतं’ म्हणू देत. ‘शेळ्या आत घ्या, उडतं आलं.’ मुक्ता पहिल्या वर्षी चुकून ‘उडतं’ म्हणते आणि वर्ग हसतो. आणि काळी जेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात बोलेल, तेव्हा ती प्रमाण मराठीत बोलेल की वऱ्हाडीत? माझं मत वऱ्हाडी. ‘काऊन भेली व पोरी?’ एवढंच म्हणू दे तिला.

राहिली आई. तू लिहिलंस की तुमच्याकडे खांदमळणी आईच करते. तुपात हळद किती, शेक किती गरम, घट्टा पडलेल्या खांद्याला काय लावायचं, बैल अंग चोरायला लागला की हात कुठे थांबवायचा, हे तिला विचारून घे. मग तिसरं प्रकरण नव्यानं लिही आणि तिला मोठ्यानं वाचून दाखव. ड्रॅगनचं काय चुकलं ते तिलाच काढू दे. वेणीचा प्रसंग नंतर आहे, तोवर काळी तिच्याही ओळखीची झालेली असेल. पोळा झाला की नवं तिसरं प्रकरण पाठव, त्याआधी आठवं सुरू करू नकोस.